उंबऱ्याबाहेर थांबून

माझ्या धाकट्या बहिणीने हवाईहून मला पाठवलेला पहिला फोटो साळुंकीचा होता. खाली लिहिलं होतं, ‘अक्का, हा कुठला पक्षी ग? रोज अंगणात येतो.’

मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा डाग, तपकिरी अंग. मैसूरला अग्रहारातल्या आमच्या गच्चीवर रोज सकाळी भांडणाऱ्या साळुंक्यांपैकीच एखादी असावी तशी. म्हणजे ही बाई थेट पॅसिफिक महासागराच्या मधोमध जाऊन राहिली, जगात दुसरीकडे कुठेच नसलेले पक्षी जिथे आहेत तिथे, आणि तिला दिसली साळुंकी! त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो पुढे चौदा वर्षं पुरला.

मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून कारंजी तळ्यावर जायचं आणि झोळीवाले, चमचे, जांभळे बगळे असले पक्षी वहीत टिपायचे, हा माझा संसार. बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. खिडकीत कावळा बसला तरी पांघरुणात शिरणारी. तिच्या नवऱ्याला तिकडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ती त्या बेटावर, सदा पाऊस पडणाऱ्या एका गावात, राहायला गेली. देवाला पत्ता वाचता येत नसावा, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं.

हे सगळं मी आता गमतीत सांगते आहे, पण तेव्हा गंमत नव्हती. माझं पोट दुखायचं. आमची सकाळची कॉफी व्हायची तेव्हा त्यांची आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची, आणि आई फोन भिंतीला टेकवून बहिणीशी बोलत बसायची. त्यांच्याकडे अजून कालचा दिवस शिल्लक असतो, याचासुद्धा मला हेवा वाटायचा.

“समुद्रावर गेलो होतो,” बहीण सांगायची. “काळी वाळू. मोठमोठी कासवं येऊन पडलेली. आम्ही डबा खाल्ला आणि आलो.”

“किती होती? कुठल्या बाजूने वर आली?” मी मागून ओरडायची.

“अय्यो अक्का, कासवं कोण मोजतं?”

मी मोजलं असतं. पोटावर पडून, दिवसभर. तिकडे नेने नावाचा जंगली हंस आहे, मानेवर नांगरटीसारख्या रेघा असलेला. हे नाव सांगितलं की आमचे पुण्याचे नातेवाईक हसतात. तो हंस एके काळी संपतच आला होता, लोकांनी हाताने वाढवून परत आणला. हे मी पुस्तकातून वाचलेलं. बहिणीला तो मोटार लावायच्या जागेत दिसला होता. लालभडक अंगाचा, कोयत्यासारख्या चोचीचा ‘इइवी’ वरच्या जंगलात असतो. तिथे ती चौदा वर्षांत एकदाही गेली नाही, कारण तिथे थंडी असते. एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाली, “इथे मुंगसं फार माजलीत. हंसांची अंडी खातात. कुणी कुठून आणली कोण जाणे.” आपल्याकडूनच नेली ग बाई. उसाच्या मळेवाल्यांनी उंदरांसाठी नेली. साळुंक्याही इथूनच गेल्या. मुंगूस गेलं, साळुंकी गेली, माझी बहीण गेली, आणि मी मात्र इथे.

पुढे तिची मुलगी मोठी झाली आणि माझ्या हेव्याला नवीनच घर मिळालं.

त्या पोरीला दहाव्या वर्षी पुरती तीस मराठी नामं येत होती, त्यातली पंचवीस खायची. पण शाळेत ती तिथल्या मूळ लोकांची भाषा शिकायला लागली. ती भाषा शाळांतून एकदा हद्दपार झाली होती आणि जवळजवळ मेलीच होती. मग त्या लोकांनी म्हाताऱ्या माणसांना बालवाडीत आणून बसवलं आणि पोरांना त्यांच्या तोंडून ती परत उचलायला लावली. भाची तिथला हुला नाचही शिकत होती. हुला म्हणजे गवताचा घागरा घालून पाहुण्यांपुढे कंबर हलवणं नव्हे, हे तिने मला फोनवरूनच सुनावलं. आधी शब्द, मग अंग. शब्द चुकला तर हात हलवायचा नाही. त्यांच्या गुरूला, म्हणजे ‘कुमू’ला, ते चालत नाही.

तिने एकदा सांगितलं की त्यांच्या एका जुन्या वंशगाण्यात सुरुवात राजापासून होतच नाही. आधी अंधार. मग प्रवाळ जन्मतं. मग किडे, तारामासे, शिंपले. समुद्रातल्या एकेका जीवाला जमिनीवरचं एकेक झाड राखण करायला. माणूस पार शेवटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. मी फोन आईकडे देऊन स्वयंपाकघरात निघून गेले. एकतीस वर्षं मी हेच फळ्यावर खडूने लिहीत आले होते, पण माझ्या एकाही विद्यार्थ्याने ते गाऊन दाखवलं नव्हतं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं आणि विसरले.

मग एके सकाळी ती पोर फोनवर आईला म्हणाली, “अज्जी, मला नावं पाहिजे.”

झालं असं होतं की तिथे नाचायला उभं राहण्याआधी प्रत्येकाने आपलं कूळ म्हणायचं असतं. पणजा, त्याचा बाप, त्याचाही बाप, आपला डोंगर, आपलं पाणी. हिच्याकडे म्हणायला आई आणि बाबा, एवढंच. तिने इतरांचं पाठ केलेलं म्हणून दाखवलं तेव्हा कुमूने थांबवलं. ते पूर्वज आमचे आहेत, कुमू म्हणाली. त्यांना मान दे, पण त्यांना आपलं म्हणू नकोस. तुझे तू घरून मागून आण.

हे ऐकून माझ्या हातातला कप टेबलावर जरा जोरातच बसला. कारण आमच्या घरात तसंच एक म्हणणं होतं, आणि ते मला हवं होतं.

आमचे पूर्वज मैसूरच्या राजाच्या फौजेत होते. कुणी घोड्यांवर, कुणी तोफेवर. राहता राहता बोलीत अर्धी कन्नड मिसळली आणि हातात कारकुनीची पेनं आली, पण आयुधपूजेला एक बोथट तलवार माळ्यावरून खाली यायची. वडील तिला कुंकू लावायचे आणि डोळे मिटून आमची पिढी म्हणायचे. पहिल्या पुरुषापासून स्वतःपर्यंत, प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचं काम. एका दमात म्हणायचे, मध्ये श्वास घेतला तर परत पहिल्यापासून. आम्ही दोघी बहिणी मागे बसायचो. धाकटीचं लक्ष कोहळा कधी फोडणार याकडे. मी ओठ हलवत असायची.

नऊ वर्षांची असताना मी ते ऐकता ऐकता वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. वडिलांनी पाहिलं. पान फाडलं, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वही परत दिली. मी मुलगी म्हणून फाडलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्हाला भाऊ नव्हता. ते म्हणणं पुढे कुणाकडे जाणार होतं? कुणाकडेच नाही. आणि तरी मला द्यायचं नव्हतं. वडील गेले त्यानंतर अकरा आयुधपूजा झाल्या. तलवारीला कुंकू लागतं, माझ्या स्कूटरला हार पडतो, पिढी कुणी म्हणत नाही. मला वाटायचं, ते वडिलांबरोबर गेलं. तेही एका परीने बरंच वाटायचं. मला नाही तर कुणालाच नाही.

त्या वर्षी दसऱ्याला, नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी, दोघी आल्या. बहीण रिक्षातून उतरली आणि सरळ आत येऊन पंख्याखाली बसली. सोळा वर्षांची भाची मात्र आली नाही. पाहते तर चपला काढून, हात खाली सोडून, ती उंबऱ्याबाहेर पायरीवर उभी. आणि तिने एकदम आवाज लावला. लांब, संथ, छातीतून आलेला. मला एक अक्षर कळलं नाही. समोरची फुलवाली कोपरापासून बोटापर्यंत शेवंतीची माळ मोजत होती, तिचा हात तसाच राहिला.

“काय झालं हिला?” मी बहिणीला विचारलं.

“आत येऊ का म्हणून विचारतेय. तिकडची पद्धत. मी कोण, कुठून आले, का आले ते सांगायचं. आतून हाक येईपर्यंत हलायचं नाही.”

“अग पण घर आपलंच आहे!”

तेवढ्यात आई, गुडघ्यांमुळे घरात भिंत धरून चालणारी माझी आई, उठली. दारापाशी गेली. तिला ती पद्धत कुणी शिकवली नव्हती. तिने पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हणाली, “आलीस का ग? बा, बा. आत ये. तुझंच आहे.”

माझ्या डोळ्यांत खुपलं ते तेव्हापासून. मी या घरात आयुष्यभर ये-जा करते आहे. माझ्यासाठी आई कधी दारापर्यंत उठून आलेली मला आठवत नाही.

त्यानंतर आठ दिवस दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर दोघी बसायच्या. आई केळीच्या सोपाच्या दोऱ्याने मल्लिगे, म्हणजे मोगरा, गुंफायची, भाची सुईदोऱ्याने. त्यांच्या बेटावर हीच फुलं मोराच्या नावाने ओळखतात म्हणे. आणि गुंफता गुंफता आई हळू आवाजात काहीतरी म्हणायची आणि पोर तिच्यामागून म्हणायची. पहिल्याच दुपारी मी ते ओळखलं. पहिल्या पुरुषाचं नाव, दुसऱ्याचं, घोड्यांचा, तोफेचा, तीच चाल. म्हणजे आईला येत होतं! पन्नास वर्षं चुलीपाशी उभी राहून तिने ते ऐकून ठेवलं होतं, आणि अकरा वर्षं तोंड मिटून बसली होती.

मी काय करायची? मी आत कपाट आवरायची. तेच कपाट आठ दिवस. मी ओट्यावर गेले की भाची जागा करून द्यायची, “मावशी, बस ना,” म्हणायची, आणि मी म्हणायची, “मला कामं आहेत.”

एकदा तिने मल्लिगेचा हार करून माझ्या गळ्यात घातला. आमच्यात हार देवाला, नवरा-नवरीला, नाहीतर भिंतीवरच्या माणसाला. “अजून जिवंत आहे मी,” म्हणत मी तो काढला आणि नेऊन वडिलांच्या फोटोला घातला. पोरीचा चेहरा पडला हे मी पाहिलं आणि मला थोडं बरं वाटलं, हेही खरं. बहीण नंतर म्हणाली, “अक्का, त्यांच्याकडे दिलेला हार देणाऱ्यासमोर काढत नाहीत. तो अपमान असतो.” मी म्हटलं, आमच्याकडे फोटोला नवा हार घातला तर मान असतो. तिने कपाळावर हात मारला.

स्फोट व्हायचा तो जेवताना झाला. आईने अळूचं फदफदं केलं होतं. बहीण सहज म्हणाली, “किती छान ना अक्का, बाबांचं सगळं आता हिच्याकडे राहील.”

मी म्हटलं, “हो तर. चौदा वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते दिसलं नाही, आणि इथलं मात्र पेटीत घालून न्यायला आलात. सगळं तुम्हालाच. कासवं तुम्हाला, हंस तुम्हाला, आता आमचे आजे-पणजेसुद्धा तुम्हाला. आईची औषधं तेवढी मला.”

बहिणीचा घास हातात राहिला. तीही तयारीतच होती. “तुला कुणी थांब म्हटलं होतं का?” ती म्हणाली, आणि पुढे आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात भाचीने अळूच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. अगदी हळूच.

“सॉरी,” ती म्हणाली. “हे उघडं असेल तर भांडायचं नसतं. तिकडे. हा थोरला भाऊ आहे.”

“कोण भाऊ?” आईने विचारलं.

“अळू. आधी तो जन्मला, मग माणूस. त्याच्यासमोर भांडलं तर त्याला वाईट वाटतं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मावशी, आता झाकलंय. आता बोल.”

आता काय बोलणार, कपाळ! मी ताक प्यायले आणि उठले.

आयुधपूजेला सकाळी तलवार खाली आली. तिच्याशेजारी आईची विळी, बहिणीचा लॅपटॉप, माझी दुर्बीण. दुर्बिणीला कुंकू लावताना आईने नेहमीप्रमाणे भिंगालाच लावलं. भाची पुढे येऊन बसली. तिने एक हार दुर्बिणीवर ठेवला, माझ्याकडे न पाहता. मग डोळे मिटले आणि आमची पिढी म्हटली.

तिचे ‘ळ’ चुकत होते. ‘घोड्यांचा’ नीट येत नव्हतं. पण एका दमात म्हटली, पहिल्या पुरुषापासून माझ्या वडिलांपर्यंत. वडिलांचं नाव आलं तेव्हा बहीण रडायला लागली, जिचं लक्ष जन्मभर कोहळ्याकडे होतं ती. ती नावं मी इथे लिहीत नाही, ती घरची आहेत. वडिलांनंतर पोरीने आपल्या आईचं नाव घेतलं, मग स्वतःचं, आणि डोळे उघडले.

बरोबरच होतं. पिढी सरळ खाली येते. बापाकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या लेकीकडे. त्यात मावशी कुठे बसणार? मी त्या घरात राहिले, त्या माणसाचं शेवटचं आजारपण काढलं, त्या तलवारीचा गंज दरवर्षी मी चिंच लावून घासते. आणि त्या म्हणण्यात माझं नाव नव्हतं, पुढेही कधी येणार नव्हतं. तेव्हा मला झालेला हेवा वेगळा होता. तो कासवांचा नव्हता. मी कोहळा फोडायला बाहेर गेले.

त्या दोघी परत गेल्यावर चार दिवस मी आईशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर फुलं घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

“तिला दिलंस. मला का नाही दिलंस?”

आईने मान वर केली नाही. “तू विचारलंस कधी?”

“मी इथेच होते, आई. साठ वर्षं इथेच आहे.”

“हौदू. इथेच होतीस. इथे असतो तो विचारतो कुठे? ती पोर दारात येऊन उभी राहिली.”

“लहानपणी मी लिहून घेतलं होतं. बाबांनी पान फाडलं. मुलीच्या हातात नको म्हणून.”

आता तिने पाहिलं. “मुलगी म्हणून? तुला कोण बोललं तसं? लिहिलंस म्हणून फाडलं. ते लिहायचं नसतं ग, तोंडात ठेवायचं. ते पान कित्येक दिवस त्यांच्या खिशात होतं. मला दाखवलं, म्हणाले, बघ, एक नाव चुकलं नाही पोरीचं. विचारेल, म्हणाले. तू नंतर फुगून बसलीस ती बसलीसच.” तिने दोरा दाताने तोडला. “मीही म्हटलं, विचारेल. अकरा वर्षं म्हटलं.”

मी तिथून निघाले ती सरळ बाहेरच्या दाराने पायरीवर गेले. चपला काढल्या. फुलवाली बघत होती, बघू दे. माझ्या मागे रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली, तिच्यातल्या पोरांनी वळून पाहिलं. मला त्यांच्या भाषेतलं ते गाणं येत नव्हतं आणि आपल्याकडे तसं काही नाही. मी नुसतं मोठ्याने म्हटलं, “आई, आत येऊ का?”

आतून भिंतीला हात घासत येणारी पावलं ऐकू आली. ती खूप वेळ येत राहिली. मी हलले नाही.

आई उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन उभी राहिली. पदर सारखा केला. मला चांगली ओळखत असूनही तिने विचारलं, “कोण?”

मी श्वास घेतला आणि पहिल्या पुरुषापासून सुरुवात केली. पन्नास वर्षांत मी ते एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं. घोड्यांचा, तोफेचा, पागेचा, कचेरीचा, सगळे ओळीने आले, एकही चुकला नाही. वडिलांचं नाव आलं. त्यापुढे मी माझं नाव घेतलं, आणि काम सांगितलं, तळ्यावरची पाखरं मोजणारी. माझ्यापुढे कुणी नव्हतं, म्हणून तिथेच थांबले.

“पागेच्या आधी श्वास घेतलास,” आई म्हणाली. “परत पहिल्यापासून.”